पंचमावर एकत्र यायचं

आमच्या बँडची तालीम दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, खाणकामगारांच्या जुन्या हॉलमध्ये. गाव स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातलं, कोळशावर वाढलेलं. खाणी बंद पडून कित्येक वर्षं झाली. हॉल मात्र उभा आहे. 1920 च्या कायद्याने खाणमालकांना दर टन कोळशामागे एक पेनी कामगारांच्या कल्याणनिधीत भरावी लागे, आणि त्या पेन्यांतून ब्रिटनभर असे हॉल, वाचनालयं, खेळाची मैदानं बांधली गेली. नोव्हेंबर 2016 मध्ये मी त्या दाराशी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दवाखान्याजवळच्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेला कागद वाचून आले होते: बॅगपाइप शिकवू, फी नाही, वयाची अट नाही.

मी मूळची मिरजेची. आमच्या आळीला लागूनच तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं. शाळेतून परतताना रोज दिसायचं: वाकून बसलेला कारागीर तारेखालचा सुताचा धागा एक केस इकडे, एक केस तिकडे सरकवतोय, तार छेडतोय, पुन्हा सरकवतोय, आणि एका क्षणी जवारी उघडते, आवाज फुलतो. गाणं मी धड शिकले नाही, पण कान तिथे घडले. त्या संध्याकाळी हॉलच्या भिंतीतून झिरपणारा आवाज ऐकून मी थबकले ती म्हणूनच. कोणीतरी एक सूर धरून ठेवला होता आणि त्यावर दुसरं कोणी बारीक बोटांनी काही विणत होतं. बॅगपाइप मी लहानपणी ऐकलेला होता, बेळगावला मामाकडे गेलो की मराठा रेजिमेंटच्या परेडला. पण तो लांबून, मैदानापलीकडून. इथे दार उघडलं आणि तो अंगावर आला.

नवशिक्यांना शिकवणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, तरुणपणी खाणीत उतरलेले. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. मला ते जमेना, बरेच महिने मी त्यांना 'सर' म्हणत राहिले. ते मला 'हेन' म्हणायचे. इकडची म्हातारी माणसं बायका-मुलींना मायेने असंच म्हणतात, आपण 'पोरी' म्हणतो तसं. एक्केचाळिसाव्या वर्षी मला परक्या मुलखात कोणीतरी पुन्हा पोरी म्हणत होतं.

त्यांनी हातात बॅगपाइप दिलाच नाही. दिली एक साधी काळी नळी, प्रॅक्टिस चँटर. म्हणाले, वर्षभर हेच. चँटरवर सूर फक्त नऊ. खालच्या जी पासून वरच्या ए पर्यंत. आठवडाभर बोटं चाचपल्यावर माझ्या लक्षात आलं की खालच्या ए ला षड्ज धरला तर हा सरळ आपला खमाज थाट आहे: सा रे ग म प ध शुद्ध, नी कोमल, आणि खाली मंद्रातला एक कोमल निषाद जास्तीचा. नाव ए असलं तरी वाजतो तो सूर काळी पाचच्याही किंचित वर. हे कळल्यावर मला त्या नळीची भीती वाटेनाशी झाली.

अवघड होतं ते वेगळंच. बॅगपाइपमध्ये हवा थांबत नाही, म्हणून सूरही थांबत नाही. बासरीवाला जिभेने सूर तोडतो, इथे जीभ निरुपयोगी. एकच सूर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या बोटाने एक निमिषभराचा कण घालूनच तो तोडावा लागतो. आवाज लहान-मोठाही करता येत नाही. मग जोर द्यायचा कसा, लय दाखवायची कशी? सगळं त्या कणांतून. त्यांचे ठरलेले गुच्छ असतात: डबलिंग, थ्रो, ग्रिप, बर्ल, आणि गेलिक नाव असलेला टाऊरलुआ. करंगळीने तळाचा सूर दोनदा झटकून काढायचा बर्ल मला साधायला पाच महिने लागले. मुलगी झोपली की स्वयंपाकघराचं दार लावून मी रोज अर्धा तास नुसता बर्ल घासायची. स्वरलिपीचा कागद समोर असे, पण गुरुजी तो बाजूला सारून सुरावट तोंडाने गाऊन दाखवत. गेलिक परंपरेत या गाण्याला ठरलेली अक्षरं आहेत, कँटरॅख्त म्हणतात त्याला. कुठला सूर, कुठला कण हे अक्षरावरूनच कळतं. तबल्याचे बोल ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

फेब्रुवारी 2018 मध्ये मला खरा बॅगपाइप मिळाला. बँडच्या मालकीचा, उसना. लाकूड टांझानिया-मोझांबिककडच्या काळ्या शिसवाच्या जातीचं. खांद्यावर तीन ड्रोन, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या: दोन टेनर, षड्जाच्या एक सप्तक खाली, एक बास, आणखी एक सप्तक खाली. पिशवी डाव्या काखेत. तोंडाने फुंकायचं, आणि श्वास घ्यायला तोंड मोकळं केलं की त्याच क्षणी कोपराने पिशवी दाबायची, म्हणजे आत रीडवर, सूर काढणाऱ्या पातळ पातीवर, पडणारा दाब तसूभरही हलता कामा नये. फुंकणं आणि दाबणं यांचा सांधा ऐकू आला तर सूर हेलकावतो. पहिल्या आठवड्यात मी चाळीस सेकंद टिकत होते. ओठांच्या कडेतून हवा निसटायची, कानशिलं ठणकायची. ड्रोनना बुचं लावून आधी नुसता चँटर, म्हणजे सुरावटीची नळी, मग एक टेनर, मग दुसरा, शेवटी बास, अशा पायऱ्यांनी चार महिने गेले. मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांना श्वास कसा घ्यायचा ते सांगते. दमसास म्हणजे काय ते मला या पिशवीने शिकवलं.

आणि जुळवणी. ड्रोनचे दोन तुकडे एकमेकांत सरकतात. जोडावर मेण लावलेला दोरा गुंडाळलेला असतो. वर सरकवला की सूर उतरतो, खाली दाबला की चढतो. दोन टेनर जवळ येऊ लागले की त्यांच्यात लाट उठते, वाँव-वाँव-वाँव, मग ती मंदावते, आणि एका ठिकाणी लाट मरते. दोनाचा एक आवाज होतो. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा माझे डोळे भरून आले. मिरजेच्या त्या गल्लीतून मी निघाले ते थेट इथे येऊन पोचले होते.

हॉलच्या भिंतीवर बँडचे जुने फोटो आहेत. सगळ्यात जुन्यात मिशाळ पुरुष, ताठ उभे. त्यांच्यापुढे उभं राहून गुरुजींनी मला इतिहास सांगितला, तोही तुकड्यातुकड्याने, रीड बसवता बसवता. ढोल आणि पाइप एकत्र येऊन 'पाइप बँड' झाला तो फौजेत. 1854 मध्ये सरकारने हायलँड पलटणींना एक पाइप मेजर, म्हणजे पाइपरांचा म्होरक्या, आणि पाच पाइपर ठेवायला अधिकृत मान्यता दिली. त्यानंतर पोलीस दलं, गिरण्या, खाणी यांनी आपापले बँड उभे केले. ग्लासगोजवळच्या गव्हनच्या पोलिसांचा बँड 1883 चा. पहिल्या महायुद्धात पाइपर खंदकांतून आघाडीवर वाजवत निघत आणि शेकड्यांनी पडले. फोटोंच्या रांगेत 1914 नंतर काही वर्षांची मोकळी जागा आहे. तिथे काही टांगलेलं नाही आणि कोणी टांगतही नाही.

स्पर्धांचं नियमन करणारी संघटना 1930 मध्ये स्थापन झाली. तिच्या अधिपत्याखाली पहिली जागतिक स्पर्धा 1947 मध्ये झाली आणि ती जिंकली बोहिल कोलिअरीच्या बँडने. बोहिलची खाण फाइफमधल्या कार्डेंडन गावची, म्हणजे आमच्या शेजारची. जगज्जेते दिवसभर कोळसा काढत होते आणि संध्याकाळी बोटांची काजळी धुऊन तालमीला बसत होते. गुरुजींच्या वडिलांच्या तोंडी ते सारखं असायचं. पुढच्या वर्षी, 1948 ला, लॅनार्कशरचा शॉट्स अँड डाइकहेड जिंकला, तोही खाणींच्याच मुलखातला. 1965 ते 69 सलग पाच वर्षं ग्रेंजमथच्या लाकूड गिरणीचा म्युअरहेड अँड सन्स. 1987 मध्ये पहिल्यांदा किताब समुद्रापार गेला, कॅनडाच्या 78थ फ्रेझर हायलँडर्सकडे. हे सगळं सांगताना गुरुजींच्या आवाजात फुशारकी नसे. घरातल्या माणसांची ख्यालीखुशाली सांगावी तसं सांगत.

खाणी गेल्या, गिरण्या गेल्या, आणि पगार देणारा मालकच उरला नाही, तेव्हा हे बँड गावाचे झाले. आमचाही तसाच. किल्टला आठेक वार लोकरी कापड लागतं. पाइप, ढोल, बसभाडं हे सगळं आम्हीच जमवतो. शनिवारी सुपरमार्केटच्या गल्ल्यावर उभं राहून गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून देतो, डब्यात लोक नाणी टाकतात. लग्नं, उन्हाळ्यातल्या गावजत्रा. नोव्हेंबरात युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिस्तंभापाशी वाजवण्याचे मात्र पैसे कोणी मागत नाही.

माझी पहिली स्पर्धा जुलै 2019 ची, डंबार्टनच्या लेव्हनग्रोव्ह पार्कमध्ये, क्लाइड नदीच्या काठी. बँडच्या श्रेणी असतात, वर ग्रेड 1, अगदी खाली 4 बी. आम्ही 4 बी. आम्हाला संघटनेच्या यादीतल्या क्विक मार्च वाजवायच्या असतात, जेमतेम तीन-चार मिनिटं. चार परीक्षक: दोन पाइपचे, एक ढोलांचा, एक एकूण मेळाचा. गुण नसतात, प्रत्येक जण क्रमांक देतो. चौघांच्या क्रमांकांची बेरीज सगळ्यात कमी तो पहिला. बरोबरी झाली तर मेळाच्या परीक्षकाचा शब्द चालतो. मला हा नियम फार न्याय्य वाटतो. शेवटी सगळ्यांचं मिळून काय ऐकू आलं, हाच प्रश्न.

सुरुवात अशी: बँड रेषेवर उभा राहतो. पाइप मेजर हुकूम देतो, 'बाय द राइट, क्विक मार्च', आणि पाऊल उचलताच ढोलांचे तीन-तीन पावलांचे दोन रोल, म्हणजे सलग कडकडाट. ठरल्या मात्रेला पिशवीवर थाप, सगळे ड्रोन एकदम. पुढच्या ठरल्या मात्रेला चँटरचा ई, सगळ्यांचा एकदम. ई म्हणजे आपल्या हिशेबाने पंचम. म्हणजे आधी षड्ज जागतो, मग सगळा बँड पंचमावर एकत्र येतो, आणि तिथून सुरावट सुटते. वाजवत वाजवत चालत जाऊन वर्तुळ करायचं, तोंडं आत. प्रेक्षकांकडे पाठ. परीक्षक आमच्या पाठीमागून फिरत ऐकतात.

डंबार्टनला माझा पंचम आधी निसटला. एक मात्रा. हात घाबरला आणि काखेने पिशवी जास्त दाबली, बस. त्या एका मात्रेत अख्ख्या मैदानावर फक्त माझा चँटर होता. नंतरची तीन मिनिटं मी वाजवली, पण मला त्यातलं काही आठवत नाही. परीक्षकांचे शेरे कागदावर मिळतात. पाइपच्या दोघांनीही पहिल्याच ओळीत ते लिहिलं होतं. आम्ही यादीत शेवटून दुसरे आलो. बसमध्ये कोणी मला बोललं नाही, आणि तेच मला सहन होईना. पंधरा माणसांनी हिवाळाभर मंगळवार-गुरुवार घासलेलं मी एका मात्रेत खाली आणलं होतं. कर्कॉल्डीजवळ आल्यावर गुरुजी शेजारी येऊन बसले. त्यांनी सांगितलं की त्यांच्या पहिल्या स्पर्धेत शेवटी सगळे थांबल्यावर त्यांचा ड्रोन एकटा घुमत राहिला होता, आणि ते 1958 साल होतं. मग म्हणाले, हाताला मोजायला लावू नकोस, पायाला लाव. पाय घाबरत नाहीत.

पुढचे सगळे महिने मी रस्त्याने चालताना, दवाखान्याच्या जिन्यात, पायांनी रोल मोजत राहिले.

मग 2020 आलं. जागतिक स्पर्धा 2020 आणि 2021 अशी दोन वर्षं झाली नाही. हॉल बंद. फुंकून वाजवायची वाद्यं बंद खोलीत वाजवायला सगळ्यात शेवटी परवानगी मिळाली. आम्ही पडद्यावर भेटायचो, पण तिथे आवाज मागेपुढे पोचतो, एकत्र वाजवता येत नाही. एकाने वाजवायचं, बाकीच्यांनी आपला आवाज बंद करून सोबत बोटं चालवायची. 2021 च्या उन्हाळ्यात फुटबॉलच्या मैदानावर पुन्हा वर्तुळ केलं तेव्हा तिघे जण परतले नव्हते. वर्तुळ लहान झालेलं डोळ्यांना दिसत होतं.

ऑगस्ट 2022. ग्लासगो ग्रीन. 1986 पासून जागतिक स्पर्धा ग्लासगोतच होते. मोठ्या वर्षी दोनशेहून जास्त बँड येतात. त्या वर्षी कमी होते, तरी पहाटे बसमधून उतरल्यावर चारी दिशांनी इतके ड्रोन घुमत होते की पायाखालची जमीन सुरात असल्यासारखी वाटली. कॅनडा, न्यूझीलंड, आयर्लंड, फ्रान्सच्या ब्रिटनीतले बँड. आणि त्या दिवसांत कडक ऊन. स्कॉटिश माणसं सावली शोधत होती. मला तो उन्हाळा मिरजेच्या फेब्रुवारीइतकाच, पण लोकरी किल्ट, जाड मोजे आणि जाकिटात तोही पुरेसा होता.

ऊन म्हणजे जुळवणीची परीक्षा. गरम झालं की चँटर चढतो, आणि प्रत्येकाचा वेगळा चढतो. पाइप मेजर एकेकासमोर उभा राहून सूर ऐकत होता, भोकाच्या वरच्या कडेवर काळी चिकटपट्टी केसभर खाली ओढत होता, कारण भोक थोडं झाकलं की तो सूर उतरतो. मग पुढचा पाइपर. शेवटच्यापर्यंत पोचेतो पहिला पुन्हा चढलेला. पट्टीच्या त्या केसभर सरकण्याकडे मी पाहत राहिले. तारेखालचा सुताचा धागा असाच सरकायचा. पाइप मेजरने हातातलं सूर मोजायचं यंत्र खिशात टाकलं आणि शेवटची जुळवणी नुसत्या कानाने केली. या जुळवणीत जाणारा तासभर वेळ प्रेक्षकांना दिसत नाही, आणि माझं मत विचाराल तर खरी कला तिथे आहे, वाजवणं त्यानंतरचं.

रेषेवर उभी राहिले. हुकूम. पाय. मी फक्त पाय ऐकले. थाप, षड्ज. आणि मग पंचम, सगळ्यांचा, एका मात्रेवर.

वर्तुळात आत तोंड करून वाजवताना एका जागी मला माझा चँटर ऐकू येईना. क्षणभर वाटलं रीड बंद पडली. बोटांखाली थरथर तर होती. मग कळलं, सूर इतका जुळलाय की माझा वेगळा उरलेला नाही. त्याच वेळी डोक्यावर, ड्रोनच्या वर कुठेतरी, कोणीच वाजवत नसलेले बारीक सूर घुमायला लागले. तंबोरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. मला वाटलं, तो तिथे होता. वर्तुळाच्या मध्यावर, कोणाचाच नसलेला.

सकाळच्या पात्रता फेरीतून आम्ही अंतिम फेरीत गेलो नाही. ढोलांचा क्रमांक चांगला आला होता, पाइपचे मधले. पण शेऱ्यांच्या कागदावर पहिल्या ओळीत सुरुवात स्वच्छ असल्याचं लिहिलं होतं. गुरुजी घडीची खुर्ची घेऊन दोरीपलीकडे बसले होते. मी गेले तर म्हणाले, 'हेन, एकच पाइप ऐकू आला.' दुपारी आम्ही सगळ्यांनी गवतावर बसून ग्रेड 1 ऐकलं. उत्तर आयर्लंडचा फील्ड मार्शल माँटगोमेरी नावाचा बँड त्या वर्षी जिंकला. संध्याकाळी सगळे बँड मैदानात उतरले, ओळीमागून ओळी, आणि निकाल एकेका ग्रेडचा पुकारला जाईपर्यंत आम्ही दीड तास उभे होतो. पाय दुखत होते. तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

एक गोष्ट मनाला लागते ती सांगते. आमच्याकडे तयार झालेली चांगली मुलं वरच्या ग्रेडच्या बँडकडे जातात. त्यांना मी दोष देत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्या वर्तुळात उभं राहावंसं वाटणारच. पण आठव्या वर्षी त्याच्या हातात चँटर देणारा, त्याला फुकट शिकवणारा गावचा बँड मग रिकामा होतो. इनव्हरेरीचं उदाहरण आम्ही एकमेकांना सारखं देतो. काही शे वस्तीचं गाव, 2003 मध्ये स्टुअर्ट लिडेल यांनी तिथल्या पोरांना हाताशी धरून बँड सुरू केला, आणि 2017 मध्ये तो बँड जागतिक विजेता झाला. मुलं टिकली तर काय होतं ते तिथे दिसलं. लिडेल यांच्यासारखा वादक प्रत्येक गावाला मिळत नाही हे खरं, पण मुलं प्रत्येक गावात असतात.

स्पर्धेला उतरायला किमान सहा पाइपर लागतात. सध्या आम्ही सात आहोत, त्यातला एक सप्टेंबरात विद्यापीठात जाणार. गुरुजींचे गुडघे आता हॉलच्या पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून नवशिक्यांचा वर्ग माझ्याकडे आलाय. पाच जण आहेत: तीन मुलं, एक पोस्टमन, आणि त्याची आई. दोघांना अजून बर्ल येत नाही. पोस्टमनला पिशवी द्यायला हरकत नाही, त्याचा दम चांगला आहे. दोन टेनरना बुचं लावून या मंगळवारी सुरुवात करतेय. एप्रिलपर्यंत त्याचे तिन्ही ड्रोन उघडले पाहिजेत.